मोडलेला कोपरा

"कळलं का?" असं वर्गात विचारू नये. पोरं "व्हय बाई" म्हणतात, आपण खूश होऊन पुढं जातो आणि पदरात काही पडत नाही, ना त्यांच्या ना आपल्या. विंझरच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्यालगतच्या एका गावात मी मराठी शिकवते. नववीला दरवर्षी एक जुनं संगीत नाटक अख्खं वाचून दाखवते. ते अभ्यासक्रमात नाही, परीक्षेत तर नाहीच नाही. तरी वाचते, कारण ते मला आवडतं आणि चाळीस मिनिटं वर्गावर माझं राज्य असतं.

नाटकात राजा आहे, त्याची टाकून दिलेली राणी आहे, कान भरणारा प्रधान आहे, पदरी बाळगलेले कवी आहेत. भाषा तर अशी की पोरांच्या आज्यांनीही कधी ऐकलेली नसावी. मंचक, चामर, शिबिका, प्रतिहारी, मृगया, अवगुंठन. एकदा राजा मंचकावर रेलला तिथं थांबून मी पुढच्या बाकावरच्या पोराला विचारलं, "मंचक म्हणजे काय रे?" तो उभा राहिला, थोडा विचार केला आणि म्हणाला, "मेव्हना असंल, बाई. अंगावर रेलतोय म्हंजी घरातलाच असनार." वर्ग हसला, मीही हसले आणि घरी जाताना गाडीत मला माझीच लाज वाटली. आधीच्या तासाला याच पोरानं सगळ्यात मोठ्यांदा "व्हय बाई" म्हटलं होतं.

मग मी चित्रं सुरू केली. अवघड शब्दांच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाकायच्या, ज्याला जी येईल त्यानं तिच्यातल्या शब्दाचं चित्र काढून आणायचं. अट एकच होती, मोबाईलमध्ये बघायचं नाही. तिथं मंचक शोधला की कुठल्यातरी सिरियलमधला सोन्याचा पलंग येतो आणि तो काढायला वेल्ह्यातली पोरं कशाला हवीत? तुम्ही घरात, शेतात, रस्त्याला जे बघितलंय त्यातूनच काढायचं. कळत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, त्यांना कळत नसेल तर मला विचारायचं.

काय काय आलं म्हणून सांगू. चामराचं चित्र म्हणून एकानं बैलाचं शेपूट आणलं, शेपटाखाली माश्या आणि त्यांची पळापळ. राजाला वारा घालतात त्याचा अर्थ यापेक्षा बरा कुणी समजावला असता असं मला वाटत नाही. अवगुंठन आलेल्या मुलीनं स्कूटरवरची पुण्याची पोरगी काढली, ओढणीनं तोंड गुंडाळलेली, नुसते डोळे उघडे. शिबिका म्हणजे पालखी, ती डोंगरावरच्या वाडीतल्या एका पोरानं बांबूला बांधलेली घोंगडी म्हणून काढली. घोंगडीत त्याचे आजोबा, पुढं मागं दोन दोन माणसं, आणि खाली लांबवर डांबरी रस्त्यावर उभी असलेली अँब्युलन्स. त्यांच्या वाडीला गाडीरस्ता नाही. निर्भर्त्सना हा शब्द आलेल्या महाशयांनी मलाच काढलं होतं, एक बोट वर, चष्मा नाकावर. ते चित्र मी दाराजवळ लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला आधीच माहीत असलेलं बरं.

पण शब्द सगळेच चामरासारखे सोपे नसतात. पहिल्याच वर्षी एका पोराला 'मद्य' आलं. त्यानं आपला बाप काढला. भिंतीवर लागलेलं ते चित्र बघून दोघं तिघं फिदीफिदी हसले आणि मधल्या सुट्टीत त्यानं ते फाडून टाकलं. त्यानंतर मी नियम केला. जे चित्र भिंतीवर यायला नको असेल त्याचा वरचा कोपरा मोडून द्यायचा. मोडलेला कोपरा दिसला की ते चित्र मी एकटी बघणार, मार्क देणार आणि कपाटात ठेवणार. कुणाला दाखवणार नाही, कुणाशी बोलणार नाही. पोरांनी पहिल्यांदा माझी परीक्षा बघितली. साधी साधी झाडं काढून कोपरे मोडून दिली आणि आठवडाभर भिंतीकडं लक्ष ठेवलं. माझ्याबद्दल त्यांची खात्री पटल्यावर मग खरी चित्रं यायला लागली. ती काय होती ते मी सांगणार नाही.

आता माझ्या मैत्रिणीबद्दल सांगते, आणि सांगताना माझा आवाज चढला तर चढू दे.

ती आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायची. राहायला उत्रोलीत, मी भोरात. ती सकाळी स्कूटरवरून भोरच्या स्टँडवर यायची, स्कूटर तिथं लावायची आणि मग आम्ही दोघी एसटीनं चेलाडी फाटा, तिथून वेल्ह्याची गाडी, असा रोजचा प्रवास. एवढ्या वर्षांच्या प्रवासात एकमेकींपासून लपवण्यासारखं काही उरत नाही. तिच्या शेतातला आंबेमोहोर माझ्या घरी शिजायचा, माझ्या हातचं लोणचं तिच्या डब्यात असायचं. माझी आई गेली तेव्हा माझ्या सख्ख्या भावाच्या आधी ती दारात उभी होती. म्हणून तर जिव्हारी लागलं. परक्यानं केलं असतं तर भांडून मोकळी झाले असते.

माझा चित्रांचा तास तिला भारी आवडायचा. तिचा तास मोकळा असला की येऊन शेवटच्या बाकावर बसायची. एकदा गंमत म्हणून डब्यातली चिठ्ठी तिनंही उचलली. पोरं चित्र काढत होती तसं तीही मान खाली घालून काढत बसली. तास संपल्यावर तिनं कागद माझ्या हातात दिला तेव्हा त्याचा कोपरा मोडलेला होता. मी घरी जाऊन तो बघितला आणि रडले. दुसऱ्या दिवशी गाडीत मी त्याबद्दल काही बोलले नाही, तीही बोलली नाही, नुसता माझा हात थोडा वेळ धरून बसली. तिनं काय काढलं होतं ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही आणि आत्ताही सांगणार नाही. एवढ्यासाठी सांगितलं की मोडलेल्या कोपऱ्याचा अर्थ तिला माहीत नव्हता असं कुणी म्हणू नये.

त्या वर्षी आमच्या मुख्याध्यापक बाई निवृत्त झाल्या आणि प्रभारी म्हणून खुर्चीवर ती बसली. प्रभारी म्हणजे तात्पुरती. कायम करायचं की नाही ते संस्थेच्या हातात. मला मनापासून आनंद झाला होता. पेढे मीच वाटले.

आणि त्याच वर्षीच्या नववीत ती मुलगी होती.

ती आणि तिची आई मामाच्या घरी राहायच्या. बापानं दुसरा संसार थाटला होता आणि या दोघींना सोडून दिलं होतं. मामा तसा वाईट माणूस नव्हता. खाऊनपिऊन सुखी, ट्रॅक्टरवाला, गावात चार लोकांत उठबस असलेला. आठवीनंतर पोरीला घरी बसवायची भाषा तो करत होता तेव्हा मी त्याच्या ओसरीवर जाऊन बसले होते. तिची आई दाराआड उभी होती. पोरगी दहावी होईल, नर्सिंगला जाईल, स्वतःच्या पायावर उभी राहील, असं मी त्याला पटवत होते. शेवटी तो म्हणाला, "तुमी म्हनताय म्हनून हो म्हनतो, बाई. धावीपरेंत शिकू दे." आई दाराआडून एकदम पुढं आली आणि चहाचा कप तिनं माझ्या हातात दिला. त्या बाईची सगळी आशा त्या एका 'हो'वर टांगलेली होती.

त्या मुलीला चिठ्ठीत 'आश्रित' आलं. नाटकात राजाचा कवी मोठ्या तोऱ्यात स्वतःला आश्रित म्हणवून घेतो. मी अर्थ सांगितला, दुसऱ्याच्या आसऱ्यानं राहणारा. ती हळूच म्हणाली, "बाई, आसरा देनारा चांगला असला तरी आश्रितच म्हनायचं का?" मी म्हटलं, "हो, तरीही."

तिनं आणलेलं चित्र मी आज वर्णन करू शकते, कारण आता ते सगळ्या गावानं बघितलंय. माझ्या हातात आलं तेव्हा त्याचा कोपरा दोनदा दुमडून नखानं घट्ट केलेला होता.

कागदाच्या उजवीकडं घर, हिरवं दार, दारात ट्रॅक्टर, शेजारी फणसाचं झाड. दार उघडं आणि आत माणसं ओळीनं जेवायला बसलेली. डावीकडं गोठा. गोठ्याच्या एका कडेला वेगळी चूल, चुलीपुढं एक बाई, तिच्यामागं पुस्तक घेऊन बसलेली मुलगी आणि मुलीच्या पाठीला लागून रवंथ करणारी गाय. इथपर्यंत कुणीही काढलं असतं. पण घरातून गोठ्याकडं एक वायर आली होती आणि तिच्या टोकाला पुस्तकावर बल्ब लोंबत होता. त्या वायरचा माग काढत नजर मागं नेली की ती घराच्या भिंतीतून आत जायची, जेवणाऱ्या माणसांच्या डोक्यावर. बटण तिथं होतं. एवढंसं काळं चौकोनी बटण, पण तिनं ते फार मन लावून काढलं होतं. मी तीस वर्षं हा शब्द शिकवला आणि मला तो त्या बटणापाशी कळला.

दुसऱ्या दिवशी मी तिला व्हरांड्यात गाठून म्हटलं, "चित्र फार सुंदर आहे. माझ्याजवळ राहील."

"कुनाला दावनार न्हाई ना, बाई?"

"नाही."

तेवढंच बोलणं झालं. पण त्यानंतर ही पोरगी वर्गात बोलायला लागली. राणीचं भाषण कोण वाचणार म्हटलं की हात वर. तिनं राणी वाचली ना, की मागच्या बाकावरची गडबडी पोरंही गप्प बसायची.

मग संस्थेचे लोक येणार असं ठरलं. नव्या खोलीचं उद्घाटन होतं. मी त्याआधीचे दोन दिवस बहिणीच्या दवाखान्यापायी पुण्यात होते. सोमवारी सकाळी एकटीच गाडीनं आले, कारण मैत्रीण कार्यक्रमासाठी पहाटेच पोचली होती. स्टॉपवर उतरले आणि समोर फ्लेक्स.

आमच्याकडं फ्लेक्सशिवाय पान हलत नाही. वाढदिवस, निवडणूक, बारसं, श्रद्धांजली, सगळ्याला फ्लेक्स. आणि फ्लेक्स तपासायची एक रीत आहे. माणसं आधी आपला चेहरा शोधतात, मग दुसऱ्याचा आपल्यापेक्षा मोठा तर नाही ना ते बघतात, मग नावापुढचं पद बरोबर आहे का ते बघतात. बाकी काय छापलंय याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. या फ्लेक्सवर वरच्या बाजूला पाहुण्यांचे गोल फोटो होते, 'हार्दिक स्वागत' होतं आणि खाली 'आमच्या विद्यार्थ्यांची शब्दचित्रे'. बैलाचं शेपूट कोपऱ्यात बोटाएवढं. शिबिका त्याच्या खाली. आणि बरोबर मधोमध, दारापेक्षा मोठं करून, हिरव्या दाराचं घर, गोठा, बाई, बल्ब, बटण. खाली 'आश्रित', मुलीचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी. कोपऱ्याच्या घड्या सरळ केल्या होत्या, पण त्यांच्या दोन रेषा एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की चित्रातल्या आभाळाला तडा गेल्यासारखं दिसत होतं. सगळ्यात खाली लाल अक्षरांत 'मार्गदर्शक' आणि पुढं माझं नाव.

फ्लेक्स शनिवारी संध्याकाळीच लागला होता. म्हणजे अख्खा रविवार तो तिथं होता आणि गावात येणारं जाणारं प्रत्येक माणूस त्याच्याखालून गेलं होतं. हिरवं दार, फणस, ट्रॅक्टर. गावाला घर ओळखायला नाव वाचायचीही गरज नव्हती. आणि पाहुण्यांच्या फोटोंचा क्रम, मला नंतर कळलं, दुकानात तीनदा बदलून घेतला होता.

शेजारच्या चहाच्या टपरीवरून मी कोयता मागून घेतला आणि फ्लेक्सच्या दोऱ्या तोडायला लागले. टपरीवाला घाबरून म्हणाला, "बाई, सायबांचा फोटो हाय त्येच्यावर!" मी म्हटलं, "साहेबांना सांग, बाईंनी तोडला." फ्लेक्सची गुंडाळी करून काखेत मारून मी शाळेत गेले ती सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत. ती नवी साडी नेसून पाहुण्यांचे नारळ मोजत होती.

"कपाट तू उघडलंस?"

"माझ्याकडं दुसरी किल्ली असते ना आता. तू नव्हतीस आणि फ्लेक्सवाल्याला शनिवारी दुपारपर्यंत फोटो पाठवायचे होते." मग माझ्या काखेतली गुंडाळी बघून तिचा चेहरा पडला. "अगं, काय केलंस हे? पाहुणे येतील आता."

"कोपरा मोडलेला होता. दिसला नाही तुला?"

मला वाटलं, ती म्हणेल नाही दिसला. घाईत लक्षात नाही आलं म्हणेल. मी तेही मानलं असतं. मला ते मानायचंच होतं. पण ती म्हणाली, "दिसला. पण सगळ्यांत चांगलं चित्र तेच होतं गं. दुसरं काय लावायचं मधे? बैलाचं शेपूट?"

ती पुढं जवळ येऊन, समजूत काढल्यासारखं म्हणाली, "आणि मी माझं नाव टाकलंय का कुठं? तुझं टाकलंय. मला वाटलं तुला बरं वाटेल. इतकी वर्षं करतेस, कुणी दखल घेतली का?"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. माझं श्रेय चोरलं असतं तर मी चोर म्हणून ओरडले तरी असते. इथं तर माझ्या गळ्यात हार घालून मला चोर केलं होतं. त्या मुलीनं काल फ्लेक्सखाली उभं राहून काय वाचलं असेल? आपलं चित्र आणि त्याच्याखाली बाईंचं नाव.

कार्यक्रम झाला. पाहुणे हसले, बोलले, नारळ फुटला. ती मुलगी ओवाळायला उभ्या केलेल्या मुलींत होती, ताट हातात, नजर ताटात. मी दोनदा तिच्या समोर जाऊन उभी राहिले. तिनं मान वर केली नाही.

पाहुण्यांची गाडी गेली आणि मामा आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. मला वाटलं होतं, ओरडेल. तो ओरडला नाही, खुर्चीवर बसलाही नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "कालपासनं पानपट्टीवर सगळी मला इचारत्यात, बटाण कुठं हाय म्हनून. ल्हान ल्हान पोरं इचारत्यात." त्याचे डोळे लाल झाले होते. "म्या बटाण बाहीर लावनारच व्हतो, बाई. वायरमन मिळंना. माज्या भनीला म्या कवा उपाशी ठेवली न्हाई. आन तुमी तिला आश्रित म्हनून यष्टी-स्टॉपाव टांगली?"

माझ्याबरोबर मुलीलाही तिथं बोलावून घेतलेलं होतं. ती दाराशी उभी होती.

मी मैत्रिणीकडं बघितलं. मला अजूनही वाटत होतं की ती बोलेल. एवढंच म्हणायचं होतं की चूक माझी आहे, फ्लेक्स मी केला. तिनं टेबलावरचे पेन सरळ केले आणि म्हणाली, "हा सगळा बाईंचा उपक्रम आहे. चित्रं त्या निवडतात. मला तर चित्रात काय आहे ते माहीतही नव्हतं."

"खोटं आहे हे," मी म्हणाले. चांगली मोठ्यांदा म्हणाले. "मी इथं नव्हते. ते चित्र मी कुणाला दाखवलेलं नाही आणि दाखवणारही नव्हते."

मामानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच वाईट होतं. "बाई, नाव तर तुमचंच छापलंय की," तो म्हणाला. छापलेल्यापुढं बोललेलं टिकत नाही. मुलीकडं वळून मी म्हटलं, "खरंच नाही गं दिलं मी." ती पायाच्या अंगठ्यानं फरशीची फट उकरत राहिली.

दोन दिवसांनी आई शाळेचा दाखला न्यायला आली. मामानं हाकललं नव्हतं. तो इतकंच म्हणाला होता की लोकांच्या तोंडाला मी पुरा पडणार नाही, आता तुमचं तुम्ही बघा. तिनं पानशेतला, पुण्याची माणसं सुट्टीला येतात तिथल्या एका हॉटेलात, भाकऱ्या थापायचं काम धरलं होतं. मागं एक खोली मिळणार होती. मी तिला म्हटलं, पोरीची शाळा बंद करू नका. "न्हाई बंद करत," ती म्हणाली. दाखल्याची घडी घालत ती माझ्याकडं न बघता बोलली, "ती लई सांगायची मला. आमच्या बाई कुनाचं कुनाला दावत न्हाईत, म्हनायची." आणि गेली.

त्या संध्याकाळी मी कपाटातली मोडलेल्या कोपऱ्यांची चित्रं काढून घरी नेली. त्यांत मैत्रिणीचंही होतं. मी साधू नाही. ते हातात घेऊन मी बराच वेळ बसले आणि माझ्या मनात काय काय आलं ते सांगायची मला लाज वाटते. एक फोटो काढायचा आणि शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायचा, बस. तिला मग कळलं असतं. सकाळी मी ते पाकिटात घालून, पाकीट चिकटवून तिच्या टेबलावर ठेवलं. ती पाकीट चाचपून बघत म्हणाली, "काय आहे?" मी म्हटलं, "तुझं चित्र. कोपरा मोडलेला आहे अजून." तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिला वाटलं असणार, मी कुणाला तरी दाखवलं. तिला तसं वाटावं आणि काही दिवस वाटत राहावं, अशी माझी इच्छा होती. तेवढा सूड मी घेतला.

पुढं ती कायम झाली. गाडीत आता मी पुढं बसते, ती मागं. तिनं एकदा आंबेमोहोराची पिशवी माझ्या दाराशी ठेवून दिली होती, ती मी तिच्या स्कूटरच्या हँडलला अडकवून आले. आपल्याला काही वाटत नाही असं मी घरी सांगते. वाटतं. रोज चेलाडीला गाडी बदलताना वाटतं, कारण तिथं आम्ही एका ग्लासातला चहा दोघींत प्यायचो.

नाटक मी अजून वाचून दाखवते. चिठ्ठ्यांचा डबा काढत नाही.

मनातून मात्र ती पोरगी जाईना. मला तिला एकदा समोर बसवून सांगायचं होतं. खरं बोलायचं तर मला तिच्याकडून ऐकायचं होतं की बाई, तुमचा त्यात काही दोष नव्हता. पुढल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या एका रविवारी, मी गाड्या बदलत पानशेतला गेले. हॉटेल धरणाच्या बाजूच्या रस्त्याला होतं, प्लास्टिकच्या खुर्च्या, बाहेर मोटारी. ती टेबलं पुसत होती. उंच झाली होती. मला बघून तिनं फडकं खांद्यावर टाकलं, जवळ येऊन वाकून नमस्कार केला आणि आईला हाक मारली. आईनं आतून हात केला. तिच्या हाताला पीठ होतं.

ती माझ्यासाठी चहा घेऊन आली. शाळा चालू आहे का, विचारलं तर म्हणाली, चालू आहे, दहावीला आहे, फक्त शनिवार-रविवार हितं काम. मला हायसं वाटलं. मग मी एकदाचं बोलून टाकलं. मी पुण्यात होते, किल्ली दुसरीकडं होती, मी असते तर जीव गेला तरी दिलं नसतं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"व्हय बाई," ती म्हणाली.

मला तिचं ते 'व्हय बाई' नको होतं. मी म्हटलं, "चित्रं काढतेस का गं अजून?"

"न्हाई."

"का?"

तिनं खांद्यावरचं फडकं काढून माझ्यापुढचं टेबल पुसलं. ते आधीच पुसलेलं होतं.

"हितल्या मराठीच्या बाई लई चांगल्या हायत," ती म्हणाली. "शब्द आला की अर्थ फळ्यावर लिवून देत्यात. आमी वहीत उतरून घेतो. घरातलं काय इचारत न्हाईत."

मला टोचावं म्हणून ती हे बोलत नव्हती. एका चांगल्या बाईंबद्दल ती मला सांगत होती.